काळी काच आणि गार गाडी

प्रश्न : मागच्या दिवाळीत नवी गाडी घेतली. आमच्याकडे एप्रिल लागला की दुपारी गाडीत बसवत नाही. दुकानदाराने काचेवर चिकटवायच्या तीन फिल्म दाखवल्या : पन्नास टक्क्यांची (म्हणजे निम्मा प्रकाश आत सोडणारी), सत्तर टक्क्यांची आणि जवळजवळ तिप्पट किमतीची सिरॅमिक. दाराच्या काचांना पन्नास टक्क्यांची चालते, असे तो म्हणतो. शेजारी मात्र २०१२ पासून कोणतीच फिल्म चालत नाही, असे ठासून सांगतात. नेमके खरे काय आणि कोणती फिल्म घ्यावी? (एक वाचक, अकोला)

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांचे म्हणणे काही वर्षांपूर्वीपर्यंत पूर्ण बरोबर होते. दुकानदाराचे आजही अर्धेच बरोबर आहे, आणि चलान भरायची वेळ येते ती बहुधा राहिलेल्या अर्ध्यामुळे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. त्या वेळच्या नियमात ही मर्यादा कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या काचेसाठी होती, वरून काही चिकटवण्याची मुभा त्यात नव्हती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका प्रकरणात कितीही टक्क्यांची काळी फिल्म लावण्यास मनाई केली आणि ४ मे २०१२ पासून ती अमलात आली. पुढे २०२० मध्ये हा नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’लाही, म्हणजे आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेल्या काचेलाही, मान्यता दिली, अट एवढीच की ती आयएस २५५३ (भाग २) या मानकाप्रमाणे असावी आणि ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळली जावी. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये याच दुरुस्तीच्या आधारे, मर्यादेत बसणारी फिल्म लावणाऱ्या वाहनमालकाला दंड करता येणार नाही, असा निर्णय दिला आणि हा थर फक्त वाहन उत्पादकानेच लावावा, हा युक्तिवादही अमान्य केला. हा निर्णय महाराष्ट्रातील पोलिसांवर थेट बंधनकारक नाही, त्यामुळे नाक्यावर वाद होऊ शकतो, हे गृहीत धरूनच खरेदी करावी. दंडाचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता दुकानदाराच्या पन्नास टक्क्यांकडे वळू. तो आकडा नुसत्या फिल्मचा आहे. नियम मात्र काच आणि फिल्म मिळून किती प्रकाश आत येतो, ते पाहतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या काचा मुळातच फिकट हिरव्या असतात. तुमच्या दाराची काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल, तर तिच्यावर पन्नासची फिल्म लावल्यावर उरतो ७५ चा निम्मा, म्हणजे ३७.५ टक्के, आणि गाडी सरळ नियमाबाहेर जाते. सत्तरची फिल्म लावली तर ५२.५ टक्के उरतात, म्हणजे ती जेमतेम बसते. म्हणून फिल्म लावण्याआधी नुसती काच आणि लावल्यावर दोन्ही मिळून, असे दोनदा प्रकाश मोजणाऱ्या मीटरने मोजून घ्यावे आणि तो आकडा बिलावर लिहून मागावा. ज्या दुकानात हा मीटरच नाही, तेथे मी तरी गाडी देणार नाही.

राहिला उन्हाचा प्रश्न. काच जितकी काळी तितकी गाडी गार, ही समजूत जुन्या रंगीत फिल्ममुळे रुजली. ती फिल्म उष्णता अडवण्यापेक्षा शोषून घेते. मग काच तापते आणि त्यातली काही उष्णता आतच फेकते. वर काही वर्षांत तिचा रंग जांभळा पडतो, हे जुन्या गाड्यांच्या मागच्या काचांवर सर्वांनी पाहिलेच आहे. सिरॅमिक फिल्म फारशी काळी न होता उन्हातील अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण अडवते, म्हणून तिचे जादा पैसे वाया जात नाहीत. फक्त दुकानातील दिव्याच्या प्रयोगाला भुलू नये. त्या दिव्यातून जवळजवळ सगळी अवरक्त उष्णताच निघते, त्यामुळे फिल्ममागे धरलेल्या हाताला काही जाणवत नाही आणि गिऱ्हाईक खूश होते. सूर्याची मात्र ४० टक्क्यांहून अधिक ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशातूनच येते. जी फिल्म त्यातला ७० टक्के प्रकाश आत सोडते, ती उन्हाची ९० टक्के उष्णता अडवूच शकत नाही, मग वेष्टनावर काहीही छापलेले असो. ‘आयआर रिजेक्शन’ (फक्त अवरक्त किरण किती अडतात) याऐवजी ‘टोटल सोलर एनर्जी रिजेक्शन’, म्हणजे उन्हाची एकूण ऊर्जा किती टक्के अडते, ते विचारावे. सत्तरच्या फिल्मसाठी हा आकडा पन्नासच्या आसपास असला, तरी ती चांगली समजावी.

तुम्ही सत्तरची सिरॅमिक फिल्म फक्त दाराच्या काचांना लावावी. चालवताना उजव्या दंडावर पडणारा चटका तिने खरोखर कमी होईल. दोन तास उन्हात उभी केलेली गाडी मात्र अकोल्यात कोणत्याही फिल्मने गार राहणार नाही. त्यासाठी झाडाची सावली शोधावी, नाही तर पुढच्या काचेला आतून चकचकीत पडदा लावावा.

प्रश्न : पुढच्या काचेलाही फिल्म लावावी का? फास्टॅगला अडचण येते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शक्यतो लावू नये. पुढची काच दोन थरांची असते आणि मधला प्लास्टिकचा पापुद्रा अतिनील किरण आधीच अडवतो. काचेतून मुळात ७५ टक्केच प्रकाश येत असेल, तर ९० टक्क्यांची फिल्मसुद्धा तिला ६७.५ वर, म्हणजे मर्यादेखाली आणते. रात्री पावसात, समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झगमगाटात, तेवढी घटही जाणवते. धातूचा थर असलेली फिल्म तर फास्टॅग आणि जीपीएस दोन्हींच्या लहरींना अडथळा करते. शिवाय फिल्मसाठी फास्टॅग खरवडून काढला की तो निकामी होतो, म्हणजे नवा घेणे आले.

प्रश्न : फिल्म लावून चार दिवस झाले, काचेत धुरकट डाग आणि बुडबुडे दिसतात. पैसे परत मागावेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : थोडे थांबावे. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात आणि ते पाणी पूर्ण सुकायला, विशेषतः दमट हवेत, काही आठवडे लागतात. धुरकटपणा तोवर आपोआप जातो. महिन्यानंतरही राहिलेले बुडबुडे किंवा आत अडकलेला धुळीचा कण मात्र जाणार नाही, तो दुकानदाराने बदलून द्यावा. मागच्या काचेची फिल्म बदलायची असल्यास ती वाफेने सैल करून हळू सोलायला सांगावे, कारण काचेवरील डिफॉगरच्या, म्हणजे काचेवर जमलेला दमटपणा घालवणाऱ्या, बारीक तारा फिल्मबरोबर उखडून येतात आणि मग काचच बदलावी लागते.