अंतर्गत मेथडच्या जागी मॉक ठेवावा का?

प्रश्न : आमच्या पायथन प्रकल्पातील ‘बिल’ या क्लासची एकूण रक्कम काढणारी मेथड त्याच क्लासच्या दोन अंतर्गत मेथड वापरते. एक सवलत काढते, दुसरी कराचा दर सर्व्हरवरून आणते. युनिट टेस्टमध्ये (कोडचा छोटा भाग स्वतंत्रपणे तपासणाऱ्या चाचणीत) दोन्हींच्या जागी मॉक, म्हणजे ठरवून दिलेले उत्तर देणारे नकली पर्याय, ठेवावेत का?

उत्तर : सवलतीच्या मेथडच्या जागी मॉक ठेवू नये. कराच्या दराचा विचार मात्र वेगळा करावा लागतो.

पायथनमध्ये मेथडचे नाव प्रत्यक्ष कॉलच्या वेळी शोधले जाते आणि ऑब्जेक्टवर त्याच नावाने काही ठेवले असेल, तर क्लासमधील साध्या मेथडऐवजी तेच वापरले जाते. त्यामुळे मॉक बसवणे हे एका ओळीचे काम होते, आणि ही सोयच घातक ठरते. सवलतीची मेथड उद्या रुपयांऐवजी टक्के परत करू लागली, तरी मॉक रुपयेच देत राहील आणि ग्राहकाला चुकीचे बिल देणारा कोड टेस्टमध्ये निर्दोष दिसेल. उलट, कोणी या दोन मेथड एकत्र केल्या, तर बिल बरोबर असूनही टेस्ट मोडेल. टेस्टने तपासायची ती रक्कम. ती काढताना आत कोणी कोणाला बोलावले, याच्याशी ग्राहकाला काही देणेघेणे नाही.

सर्व्हरशी होणारा संवाद मात्र संथ आणि बेभरवशाचा असल्याने टेस्टमधून दूर ठेवलाच पाहिजे. त्यासाठी दर आणण्याचे काम वेगळ्या ऑब्जेक्टकडे द्यावे, तो कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमधून) बिलाला पुरवावा आणि टेस्टमध्ये त्याजागी नेहमी १८ टक्केच सांगणारा छोटा पर्यायी ऑब्जेक्ट द्यावा. माझ्या मते अंतर्गत मेथड मॉक करण्याची गरज भासणे, हेच बहुधा क्लासवर दोन जबाबदाऱ्या असल्याचे लक्षण असते.

जुन्या कोडमध्ये हा बदल लगेच शक्य नसेल, तर २०१२ मधील पायथन ३.३ पासून भाषेसोबतच येणाऱ्या ‘युनिटटेस्ट.मॉक’मधील ‘पॅच.ऑब्जेक्ट’ (टेस्टपुरता मॉक बसवून नंतर मूळ मेथड परत ठेवणारी सोय) वापरावे आणि त्यात ‘ऑटोस्पेक’ (मॉकला मूळ मेथडच्याच साच्यात बसवणारा पर्याय) चालू ठेवावे. मूळ मेथडचे नाव बदलले असेल, तर ‘पॅच.ऑब्जेक्ट’ त्रुटी दाखवते. आर्ग्युमेंट्स (मेथडला कॉल करताना दिलेली माहिती) जुळत नसतील, तर ‘ऑटोस्पेक’मुळे कॉल अडतो. ऑब्जेक्टवर मॉक थेट नेमून दिल्यास यांपैकी कोणतेही संरक्षण मिळत नाही, आणि क्लासवरच नेमला, तर तो पुढच्या टेस्टमध्येही शिल्लक राहतो.