फॉस्फोडायएस्टरेज अडवलं की स्मूथ मसल सैल का पडतो?

तुम्ही विचारलंय की फॉस्फोडायएस्टरेज, म्हणजे पीडीई, हे एन्झाइम फक्त सायक्लिक एएमपी आणि सायक्लिक जीएमपी हे पेशीतले निरोप्या रेणू मोडतं, तर मग स्मूथ मसलच्या, म्हणजे रक्तवाहिन्या, श्वासनलिका यांच्या भिंतींतल्या स्नायूच्या, आकुंचनाशी त्याचा संबंध काय? मी नागपुरात बी. फार्म.च्या मुलांना फार्माकोलॉजी शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि यायलाच हवा.

पेशीत कॅल्शियम वाढलं की ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं. ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या एन्झाइमला कामाला लावते, ते मायोसिनवर, म्हणजे स्नायू ओढणाऱ्या प्रथिनावर, फॉस्फेट बसवतं आणि स्नायू आवळतो. तो फॉस्फेट काढायला वेगळं फॉस्फटेज असतं. सायक्लिक जीएमपी प्रोटीन कायनेज जीमार्फत कॅल्शियम उतरवतं आणि या फॉस्फटेजला जोर देतं. सायक्लिक एएमपीही, मुख्यतः प्रोटीन कायनेज एमार्फत, स्नायू सैलच करतं. पीडीई या दोघांचं साधं एएमपी, जीएमपी करून टाकतं आणि सैल होण्याचा निरोप तिथेच थांबतो. म्हणजे पीडीई स्वतः स्नायू आवळत नाही, सैलपणा किती टिकेल ते ठरवतं.

आपल्या उन्हाळ्यातली कूलरची टाकी डोळ्यासमोर आणा. वरून नळ, खाली भोक. भोकाला बूच लावलं तर पाणी चढतं खरं, पण नळच बंद असेल तर नुसत्या बुचाने टाकी भरत नाही. पाणी म्हणजे सायक्लिक एएमपी आणि जीएमपी, नळ म्हणजे ते तयार होणं, भोक म्हणजे पीडीई, आणि पीडीई अडवणारी औषधं म्हणजे हे बूच. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच.

प्रॅक्टिकलला हे दिसतं. बकऱ्याच्या श्वासनलिकेच्या कड्या कापायच्या, स्नायूच्या समोरची कूर्चा चिरून त्या उघडायच्या आणि दोऱ्याने एकापुढे एक बांधून क्रेब्ज द्रावणात (स्नायू जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) टांगायच्या. (मे महिन्यात बाथ 37 अंशांवर ठेवायला आमच्याकडे हीटर नाही, बर्फ लागतो.) हिस्टामिनने साखळी आवळली की आयसोप्रिनॅलिनची (हे सायक्लिक एएमपी वाढवतं, म्हणजे नळ उघडतं) अगदी लहान मात्रा द्या, आवळणं-सैलावणं दाखवणारा लिव्हर, म्हणजे तरफ, थोडासाच उतरतो. धुऊन घ्या, परत आवळू द्या, आधी पीडीई अडवणारं थोडं थिओफिलिन घालून तीच मात्रा द्या. आता तो चांगलाच खाली येतो. फक्त व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा पीडीईचा निखळ पुरावा म्हणून सांगू नका, कारण थिओफिलिन अडेनोसिनचे रिसेप्टरही अडवतं.

पीडीईची 11 कुळं आहेत आणि प्रत्येकाची आवड वेगळी. पीडीई4 सायक्लिक एएमपी मोडतं, पीडीई5 सायक्लिक जीएमपी. पीडीई3 दोन्ही मोडतं, पण सायक्लिक जीएमपी त्याच्यात अडकून बसतं, त्यामुळे एक वाढलं की दुसरंही वाढू शकतं. लिंगाच्या ताठरतेसाठी दिलं जाणारं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) पीडीई5 अडवतं. लैंगिक उत्तेजनाशिवाय मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटत नाही, सायक्लिक जीएमपी तयार होत नाही, म्हणून नुसत्या गोळीने काही होत नाही. हेच औषध 2005 पासून फुप्फुसांतल्या धमन्यांच्या उच्च रक्तदाबावरही वापरलं जातं.

आता उलट बाजू बघा. हृदयविकारातल्या छातीदुखीवर दिलं जाणारं नायट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइड देतं, म्हणजे नळ पूर्ण उघडतं. त्यावर सिल्डेनाफिलचं बूच बसलं तर रक्तवाहिन्या एकदम सैलावतात आणि रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. म्हणून सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि त्याच गटातल्या टॅडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेट देत नाहीत. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं, तर जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवण्याआधी या औषधांबद्दल विचारायचंच, समोरचा कितीही लाजला तरी.