व्हायरल लोड जास्त आला म्हणजे किती वर्षं उरली?

एचआयव्हीची लागण झालेल्या तुमच्या भावाचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) १,८०,००० आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ४१० आलाय आणि 'त्याच्या हातात किती वर्षं आहेत' असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः बरीच वर्षं एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेतेय, म्हणून कळकळीने सांगते: या आकड्यावरून वर्षं मोजू नका.

लोडवरून वर्षं सांगणारे जे तक्ते नेटवर दिसतात त्यांचं मूळ बहुतेक वेळा जॉन मेलर्स या संशोधकाच्या गटाच्या १९९६-९७ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात आहे. ३०,००० च्या वर लोड असलेल्यांपैकी ८० टक्के जणांना सहा वर्षांत एड्स झाला. ५०० पर्यंत लोड असलेल्यांत हे प्रमाण जेमतेम साडेपाच टक्के होतं. तेव्हापासून डॉक्टर समजावतात की सीडी४ म्हणजे एड्सचं स्टेशन किती लांब आहे ते आणि व्हायरल लोड म्हणजे गाडीचा वेग. हे खरंच आहे. पण ते रक्ताचे नमुने १९८४-८५ चे, म्हणजे प्रभावी औषधं नव्हती तेव्हाचे. तक्त्यातला वेग विनाउपचार आजाराचा आहे. शिवाय तो अनेक रुग्णांचा मिळून काढलेला अंदाज आहे, एका माणसाचा नाही. २००६ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं की एका माणसाचा सीडी४ किती वेगाने घसरेल, त्यातला फार थोडा भाग एकट्या लोडवरून सांगता येतो.

भावाला लागण अलीकडची आहे का? पहिल्या काही आठवड्यांत लोड लाखांत जातो आणि मग आपोआप बराच उतरतो.

आता जे महत्त्वाचं ते. २०१७ पासून आपल्याकडे सीडी४ कितीही असला तरी औषध लगेच सुरू करतात. सरकारी एआरटी केंद्रात ते मोफत मिळतं. सध्याच्या डोल्युटेग्राविरच्या गोळीने बहुतेकांचा लोड काही महिन्यांत मोजता येणार नाही इतका खाली येतो, सुरुवात लाखांत असली तरी. केंद्रात साधारण सहाव्या महिन्यात लोड तपासतात. माझ्या मते काळजीने वाट बघायची ती त्या रिपोर्टची. तोही चढा आला तर आधी गोळ्या चुकल्या का ते बघतात, मग औषध बदलायचं की नाही ते ठरतं.

खोकला, ताप, रात्री घाम येणं, वजन घटणं यातलं काही असेल तर पहिल्याच भेटीत सांगायला लावा. टीबी आधी तपासायला हवा. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे.