उदगीरकडच्या आमच्या पूर्वजांची माहिती जुन्या कागदपत्रांतून कशी शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा १९७२ च्या दुष्काळात उदगीर तालुक्यातलं गाव सोडून पुण्याला आले. पणजोबांचं नुसतं नाव ठाऊक आहे, त्यामागचं काहीच नाही. गावात चुलत भावकीकडे थोडी शेती अजून आहे. मग मागच्या पिढ्या शोधायच्या कशा?

मी शेजारच्याच निलंगा तालुक्यातला. भूकरमापक म्हणून सगळी नोकरी मोजणीच्या साखळीमागे गेली, आता निवृत्त आहे. त्यामुळे उत्तर जमिनीकडे झुकणार हे आधीच सांगून टाकतो. पण मराठवाड्यात ते तसंच झुकलेलं बरं. नाव धरून शोधायला जाल तर फसाल. जमीन धरून शोधा, नाव आपोआप सापडतं.

कारण असं. निजामाच्या राज्यात शेतकऱ्याचं नाव कागदावर चढेपर्यंत तीन तोंडांतून जायचं. सांगणारा मराठीत सांगायचा (तुमच्याकडे अर्धे लोक कानडीही बोलतात), गावचा पटवारी मोडीत लिहायचा आणि तहसीलचा कारकून उर्दूत. १८८० च्या दशकापर्यंत दरबारी कारभार फारसीत होता, पुढे उर्दूत झाला. उर्दूत 'ळ' नाही, 'ण' नाही, आणि ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. तुळशीरामचा तुलसीराम होतो, बाळाचा बाला होतो, किसनचं किशन वाचा नाहीतर आणखी काही. त्यात आडनाव नसतंच. 'अमका वल्द तमका, साकीन मौजे फलाणे' (अमका, तमक्याचा मुलगा, राहणार फलाणं गाव) एवढ्यावर काम भागायचं. आडनाव बऱ्याच घरांना शाळेत नाव घालताना चिकटलं, तेही मास्तरांच्या मर्जीने. म्हणून एकाच भावकीत एक घर पाटील, दुसरं बिरादार आणि तिसरं गावाच्या नावावरून, असं सर्रास दिसतं. तुमच्या आजच्या आडनावाने रेकॉर्ड रूममध्ये विचारलंत तर 'असं कुणी नाही' हेच उत्तर मिळणार.

सर्वे नंबर मात्र नाव बदलत नाही, गाव सोडून पुण्यालाही जात नाही.

तर सुरुवात भावकीकडच्या शेतीच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर आज गट नंबर असेल. तो एकत्रीकरणानंतरचा, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून नवे नंबर दिल्यानंतरचा. मोजणी ऑफिसातून एकत्रीकरणाचा उतारा काढला की या गटात जुने कोणते सर्वे नंबर आले ते कळतं. जुना नंबर हाती आला की तहसीलच्या रेकॉर्डला खासरा पत्रक मागा, १९५४-५५ चं. आपल्याकडे महसुली कागदांत याच्याइतका कामाचा कागद नाही. त्यात पट्टेदार आणि कब्जेदार असे वेगळे रकाने असतात आणि खरी गंमत तिथेच आहे. कब्जेदार म्हणजे त्या साली प्रत्यक्ष नांगर धरणारा. पट्टेदार म्हणजे ज्याच्या नावाने पट्टा, आणि तो कित्येकदा कधीच वारलेला असतो, नोंद कुणी बदललेली नसते. म्हणजे एका ओळीत बाप आणि आजा दोघे भेटतात, शिवाय 'वल्द'मुळे पट्टेदाराचा बापही. नोंदी वेळेवर न लावण्याच्या आपल्या सवयीचा झालेला हा एकमेव फायदा असावा.

त्याच्या मागे सेतवार. हा पैमाशीच्या (जमीन मोजणीच्या) वेळचा कागद, सर्वे नंबर, आकार (सारा) आणि खातेदार दाखवणारा. पुढच्या बाजूला पहाणी पत्रकं (दरसालच्या पीक-कब्जाच्या नोंदी) आणि फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी). फेरफार सगळे काढा, कंटाळा करू नका. आमच्या घरचंच सांगतो. आमच्यात सगळे म्हणायचे की आपण धोंडीचा वंश. खासऱ्यात मात्र पट्टेदार 'दगडू वल्द सटवा'. घरातल्या जाणत्यांनी निकाल दिला की दगडू काय नि धोंडी काय, एकच माणूस. मूल जगावं म्हणून असली नावं ठेवायचेच. पटण्यासारखं होतं. पण त्याच सर्वे नंबरचा जुना फेरफार निघाला, त्यात स्वच्छ लिहिलं होतं: 'धोंडी वल्द सटवा फौत, लावलद, वारस भाऊ दगडू.' फौत म्हणजे वारलेला, लावलद म्हणजे मूलबाळ नसलेला. धोंडीचा वंश नव्हताच, आम्ही धाकट्या दगडूचे. धोंडीचं नाव घरात का टिकलं, तर जमीन त्याने कमावलेली. नुसती नावं जुळवत बसलो असतो तर हे कधी उलगडलं नसतं.

तुमच्या पूर्वजांकडे पाटीलकी, पटवारकी, देशमुखी, एखाद्या देवस्थानची किंवा गावकामगाराची इनाम जमीन असेल तर नशीबवान आहात. वतनदार वारला की वारसाची चौकशी व्हायची, तिला विरासत म्हणत. त्या फायलीत कुळाचा शजरा, म्हणजे वंशवृक्ष जोडलेला असतो आणि खाली गावातल्या पंचांच्या सह्या-अंगठे. चौकशी होऊन हक्क मान्य झाला की मुंतखब, म्हणजे त्या हक्काचा सरकारी दाखला मिळायचा. अशा कागदात चार-पाच पिढ्या एका पानावर मिळतात. महार वतनाच्या जमिनींनाही हे लागू आहे, त्यामुळे 'आमच्याकडे काय कागद असणार' म्हणून कुणी मागे हटू नये. गावात जुन्या माणसाला एवढं नक्की विचारा की आपलं गाव दिवाणी (थेट सरकारी) होतं, जहागिरीचं होतं, पायगेचं (निजामाच्या बड्या सरदार घराण्यांचं) होतं की सर्फ-ए-खासचं (निजामाच्या खाजगी मालकीचं). जहागिरी १९४९ मध्ये खालसा झाल्या, तोवर त्या गावांची दप्तरं जहागीरदाराच्या कचेरीत असायची. म्हणून शेजारच्या गावाचं सगळं सापडतं आणि तुमच्या गावाचं नाही असं होऊ शकतं. १९४७-४८ च्या धामधुमीत काही गावांची दप्तरं जळालीही.

आता उदगीरची खास अडचण. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा ते उस्मानाबादला जोडले गेले आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. म्हणून जिल्हा पातळीवरचा कागद लातूरला नसेल तर धाराशिवला विचारा, तिथे नसेल तर बीदरला. जालन्याची माणसं अशीच छत्रपती संभाजीनगरला जातात (जालना १९८१ ला वेगळा झाला), हिंगोलीची परभणीला (१९९९). किनवटवाल्यांना तर आदिलाबाद गाठावं लागतं. राज्य पातळीवरचं निजामी दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. तिथे इनाम-वतनाचा ठोस धागा हाती असल्याशिवाय जाऊ नका. छत्रपती संभाजीनगरला आपल्या पुराभिलेख खात्याचं कार्यालय आहे, ते जवळ पडेल.

पुण्यात आहात म्हणून बरेच जण तुम्हाला पेशवे दप्तरात जा म्हणतील. १७६० ची उदगीरची लढाई गाजलेली आहे, त्यात आपला कुणी असेलच असं प्रत्येकाला वाटतं. पण निजामाच्या मुलखातल्या साध्या कुळाचं नाव तिथे मिळणं अवघड. पुण्याचा फायदा वेगळा आहे: भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, ते करा. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आधी ओळ आखून मग खाली सलग लिहीत जातात. घाबरायला होतं, पण गावच्या कागदात तेच तेच शब्द येतात. मौजे, वल्द, बिन, साकीन, फौत हे ओळखू यायला लागले की नावापर्यंत पोचता येतं. उर्दू शिकस्ता (घाईचं, मोडकं) लिखाण आणि रकमी आकडे (जुन्या हिशेबातली आकड्यांची चिन्हं) मात्र जाणकाराकडूनच वाचून घ्या. पैसे देऊन वाचून घेताना सारांश नको, शब्दाला शब्द लिप्यंतर मागा. 'यात तुमच्या पणजोबांचं नाव आहे' एवढंच सांगणारे वाचक मी पाहिलेत. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते त्यांना वाचता येतं.

तारखा पाहून बुचकळ्यात पडू नका. कागदावर १३४० साल दिसलं तर ते फसली, म्हणजे निजामी महसुली कारभाराचं साल. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवायचे. १३४० चा आजूर म्हणजे १९३० चा ऑक्टोबर, १३४० चा खुर्दाद म्हणजे १९३१ चा एप्रिल. मुंतखबावर हिजरी सन असू शकतो आणि खाजगी मोडी कागदावर शके. तिन्हींची गल्लत झाली की नातू आजोबांच्या आधी जन्मतो.

जमिनीबाहेरचे कागद आता भराभर सांगतो. १९५१ च्या जनगणनेवेळी नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर केलं होतं. जिथे ते टिकलंय तिथे घरातली माणसं, वय आणि कुटुंबप्रमुखाशी नातं मिळतं. तुमच्या आजोबांचं बालपण बहुधा त्यातच असेल. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना नंबर १४ मागा. (बुलडाणा-वाशिमकडचे पाहुणे 'कोतवाल बुक' म्हणतात ते त्यांच्याकडचं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात, त्यामुळे तिकडच्या नोंदींची तऱ्हा वेगळी.) शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर बघा, पण जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. अर्ध्या मराठवाड्याचा जन्म १ जूनचा आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी ही सगळी कपाटं उघडली गेली आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय टाकल्या आहेत. तुमची जात कुठलीही असो, एकदा चाळा. यादीत तुमचं घर नसलं तरी तुमच्या गावाचं कोणतं जुनं रजिस्टर कुठल्या कार्यालयात शिल्लक आहे त्याचा अंदाज येतो, आणि ते रजिस्टर अख्ख्या गावाचं असतं.

बायकांचं काय, हे कुणी विचारत नाही. जमिनीच्या कागदात बाई येते ती बहुतेक नवरा गेल्यावर, 'मुसम्मात गंगू बेवा सटवा' अशी. माहेर कुठलं त्याचा पत्ता नाही. त्यासाठी घरातल्या आहेराच्या वह्या शोधा. जुन्या लग्नांत कोणत्या गावच्या कुणी काय आहेर केला ते नावगावासकट लिहिलेलं असतं, आणि मामाकडचे लोक त्यात पुढच्या पानांवर असतात. अशी वही पत्र्याच्या पेटीत तळाला, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली निघते. ती नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला बोलतं करा. सोयरिकी तिला तोंडपाठ असतात.

तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघण्यासारख्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण इथे अस्थी किंवा श्राद्धासाठी कुणी गेलं की उपाध्ये गावावरून वही काढतात आणि कोण, कुणाचा मुलगा, बरोबर कोण आलं ते लिहून घेतात. तुळजापूरला तुमच्या घराचा ठरलेला पुजारी असेल, त्यालाही विचारा. लिंगायत असाल तर दफन होतं, अस्थी घेऊन कुणी गेलेलंच नसणार. मग घराण्याचा मठ आणि जंगम (लिंगायतांचे पुरोहित) हाच रस्ता. मुसलमान घरांसाठी काझींकडची निकाहाची रजिस्टरं. बंजाऱ्यांमध्ये ढाडी वंशावळ सांगतात. भाट येतात त्यांच्या पोथीतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या मी गंभीरपणे घेतो. त्यावर सगळ्यांचीच वंशावळ कुठल्या तरी राजाला जाऊन भिडते, ते चहापाण्यापुरतं ऐकावं.

आता लगेच करायचं काम. भावकीला फोन लावून गट नंबर घ्या आणि सोबत घरात असतील त्या जुन्या पावत्या, तगाईचे (सरकारी शेतीकर्जाचे) कागद, वाटणीपत्र यांचे फोटो मागवा. फोन करताना आधीच सांगा की जमिनीत हिस्सा मागायला येत नाही, नाहीतर एक कागद दिसणार नाही. मग तहसीलला नकलेचा अर्ज द्या, त्यात गाव, जुना सर्वे नंबर आणि कागदाचं नाव नेमकं लिहा. 'आमच्या पूर्वजांची सर्व माहिती मिळावी' असा अर्ज केलात तर तो फिरत राहील. मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळे वसुलीच्या मागे असतात. खासऱ्याची नक्कल मिळाली आणि वाचता आली नाही तर इथेच टाका, जमेल तेवढं वाचून देतो.