जुन्या मोटरसायकलचे पुढचे शॉकअप आणि ब्रेक सुधारायचे, तर सुरुवात कुठून करावी?

तुमची गाडी सत्तरच्या दशकातली, पुढे ड्रम ब्रेक, फोर्कचे (पुढच्या शॉकअपच्या जोडीचे) पाइप 35 मिमीचे. ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते आणि उतारावर चार-दोनदा दाबला की ड्रम धरेनासा होतो. म्हणून आजच्या एखाद्या स्पोर्ट्स बाइकचं अख्खं पुढचं टोक, उलटे फोर्क (जाड नळी वर, बारीक खाली) आणि दोन डिस्कसकट, उचलून इथे बसवावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर: आत्ता नको. आधी आहे तोच फोर्क नीट करा, मग ब्रेककडे वळा. जोरकस ब्रेक मऊ फोर्कवर बसवला तर फोर्क तळाला टेकतो. टेकलेल्या फोर्कला खड्डा शोषता येत नाही, चाक उडतं आणि हवेत असतानाच लॉक होतं.

अख्खं टोक बदलण्यात खरी अडचण ट्रेलची आहे. हँडलच्या दांड्याची रेष खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे टेकते, तिथपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. समजा दांडा उभ्या रेषेपासून 27 अंश कललेला आहे, चाकाची त्रिज्या 320 मिमी आणि दोन्ही टींचा (फोर्क पाइप धरणाऱ्या वरच्या-खालच्या पकडींचा) ऑफसेट, म्हणजे दांडा आणि फोर्क पाइप यांच्या रेषांमधलं अंतर, 60 मिमी. त्रिज्येला साइन 27 ने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा, उत्तराला कॉस 27 ने भागा. ट्रेल साधारण 96 मिमी येतो. आता स्पोर्ट्स बाइकची 30 मिमी ऑफसेटची टी लावा. ट्रेल 129 वर जातो आणि हँडल वळवताना हात दुखतात. त्या गाडीचं 300 मिमी त्रिज्येचं चाकही घेतलंत तर 119. नवा फोर्क आखूड असेल तर आणखी गुंता होतो. 1400 मिमी व्हीलबेसच्या गाडीचं पुढचं टोक 25 मिमी खाली गेलं की दांडा सुमारे 1 अंशाने उभा होतो, ट्रेल परत घटतो, शिवाय स्टँड आणि सायलेन्सर जमिनीजवळ येतात. हे आकडे कागदावर मांडल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका. मांडल्यावरही करायचंच ठरलं, तर बसवताना स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबून बघा. टायर खालच्या टीला, मडगार्डला किंवा इंजिनाला लागत नाही ना, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर पाइप टाकीला लागत नाही ना.

आता मूळ फोर्क. पहिल्यांदा कोनसेट (हँडलच्या दांड्याची बेअरिंगं) तपासा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मध्यावर किंचित अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगच्या गोळ्यांनी रेसमध्ये (त्या ज्या कड्यांवर फिरतात त्यांत) खळगे पाडलेत. टेपर रोलर बेअरिंग टाका, नाहीतर पुढचं कुठलंच निदान खरं ठरणार नाही. मग पाइप काढून व्ही-ब्लॉकवर (व्ही खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवा आणि डायल गेज लावून फिरवा. वाक 0.2 मिमीच्या वर असेल तर पाइप सरळ करणं किंवा बदलणं आलं. क्रोमवर खड्डे असतील तर नवं ऑइल सील थोड्याच दिवसांत फाटणार. खड्डे सीलच्या फिरण्याच्या पट्ट्यात आहेत की टीच्या आत, ते बघा. टीच्या आतले सोडून द्या.

फोर्क खोलताना तळाचा बोल्ट आधी सैल करा, वरचा नट आणि स्प्रिंग जागेवर असतानाच. स्प्रिंगच्या दाबाने आतली डॅम्पर नळी धरून राहते. स्प्रिंग काढून बसलात तर बोल्टबरोबर नळीही गरगर फिरत राहते आणि मग तासभर झटापट होते. वरचा नट शेवटच्या आट्यांवर दाबून धरा, तो उडतो.

गाडी नाक खुपसते याचं कारण बहुतेक वेळा स्प्रिंग. लोक जाड तेल घालतात. त्याने नाक खुपसायला वेळ लागतो इतकंच, खोली तेवढीच राहते, वर लहान खड्डे हातात आपटतात. दुसरी चूक स्प्रिंगवर वायसर किंवा पाइपाचा तुकडा (पॅकिंग) रचून भागवणं. त्याने उभ्या गाडीची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. आधी सॅग, म्हणजे गाडीवर बसल्यावर फोर्क किती खाली जातो ते, मोजा. फोर्क पाइपला प्लॅस्टिकची केबल टाय बांधा, चाक उचलून उघडी लांबी मोजा, मग नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसून दुसऱ्याकडून परत मोजून घ्या. एकदा गाडी दाबून सोडल्यावर आणि एकदा उचलून सोडल्यावर, अशी दोन मापं घेऊन सरासरी काढा, कारण सीलचं घर्षण आकडा फसवतं. फोर्कची एकूण चाल 140 मिमी असेल तर बसल्यावर 35 ते 45 मिमी खाली जाणं रस्त्यासाठी ठीक. पॅकिंग घालून सॅग बरोबर आला, तरी ब्रेकवर टाय तळाशीच सापडते? मग स्प्रिंगच मऊ आहे, तुमच्या वजनाला साजेशी एकसारख्या कडकपणाची स्प्रिंग घ्या.

तेलाची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, पाइपाच्या वरच्या काठापासून मोजायची असते. मॅन्युअलमधला आकडा धरा. चालीच्या शेवटी अजून आपटत असेल तर तेल 10 मिमीने वर आणा. वरची हवा कमी झाली की ती शेवटी जास्त विरोध करते. आणि डब्यावरच्या 10डब्ल्यू वर फार भिस्त ठेवू नका, दोन कंपन्यांचं 10डब्ल्यू वेगवेगळ्या पातळपणाचं असू शकतं. तुलना 40 अंश सेल्सिअसच्या सेंटीस्टोक (तेलाचा दाटपणा मोजायचं एकक) आकड्यावर करा.

जुन्या फोर्कात तेल ठरावीक भोकांतून जातं, त्यामुळे वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. म्हणून तो हळू चालीला ढिला आणि तीक्ष्ण खड्ड्याला दगडासारखा. यावर उपाय कार्ट्रिज एम्युलेटर, म्हणजे डॅम्पर नळीच्या डोक्यावर बसणारा झडपेचा तुकडा. त्यासाठी नळीच्या तळाकडे एकूण 6 भोकं 8 मिमीची होतील अशी पाडावी लागतात, एकेक जोडी दुसरीला काटकोनात, नाहीतर नळी तिथेच दुबळी होते. वरचं लहान रिबाउंडचं (फोर्क परत वर येतानाचं) भोक चुकूनही मोठं करू नका. कीस पूर्ण काढा, पॉलिश पेपर मारा. एम्युलेटरच्या उंचीइतकं वरचं पॅकिंग कापा, हे हमखास विसरलं जातं. यानंतर दाबताना विरोध झडप करते आणि परत येण्याचा वेग तेलाच्या जाडीवर ठरतो.

चाक बसवताना एक्सलचा नट आवळा, पण फोर्कच्या पायाचे क्लॅम्प बोल्ट सैल ठेवा. गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, मग क्लॅम्प आवळा. सैल न ठेवता आवळलेले पाय तिरके राहतात आणि फोर्क अडकत चालतो.

ड्रम टाकून देण्याआधी त्याला एक संधी द्या. ड्रम लेथवर घ्यायचा तो स्पोक ताणलेल्या चाकासकट, कारण स्पोकच्या ताणाने तो ओव्हल होतो. शूवर खडू फासून चाक फिरवा, ब्रेक हलका लावा. खडू फक्त टोकांना किंवा फक्त मध्ये पुसला गेला तर लायनर ड्रमच्या गोलाईला घासून घ्या. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक पूर्ण लागलेला असताना वायर आणि कॅमचा (शू फाकवणाऱ्या तुकड्याचा) आर्म यांत 90 अंशांचा कोन हवा. दोन लीडिंग शूची (चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर जास्त दाबले जाणारे शू) प्लेट असेल तर दोन कॅम जोडणारी काडी अशी लावा की दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील. एक आधी टेकला तर अर्धाच ब्रेक मिळतो. एक्सल आवळताना ब्रेक दाबून धरा, म्हणजे प्लेट मध्यावर बसते. आणि टॉर्क आर्मचा बोल्ट पिनसह लावा. तो सुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, वायर गुंडाळते आणि चाक जागच्या जागी जाम होतं.

एवढं करूनही उतारावर ब्रेक उडत असेल तर डिस्क लावा. इथे मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ब्रेकचं तेल दाबणारा) निवडण्यात लोक चुकतात. समजा एका कॅलिपरसाठी (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) 14 मिमी बोअरचा मास्टर आहे. तो 12.7 चा केलात तर त्याच बोटाच्या जोरात दाब 21 टक्के वाढतो, पण लिव्हरही तेवढाच जास्त आत येतो. दुसरी डिस्क लावून 14 चाच मास्टर ठेवलात तर लिव्हरची चाल दुप्पट होते आणि तो हँडलच्या ग्रिपला टेकू शकतो. 15.9 मिमीचा घेतलात तर जोरही दीडपट, चालही दीडपट. हायड्रॉलिकमध्ये फुकट काही मिळत नाही. 35 मिमीच्या पाइपांवर एकाच बाजूला फार ताकदीचा कॅलिपर लावू नका, फोर्क पिळतो. लावायचाच तर दोन्ही पाय जोडणारा ब्रेस हवा.

कॅलिपर आणि स्पोक यांत किमान 3 मिमी अंतर ठेवा, डिस्क कॅलिपरच्या मधोमध शिमने (पातळ चकत्यांनी) आणा, आणि फिरताना डिस्क 0.3 मिमीपेक्षा जास्त डगमगायला नको. जुना कॅलिपर वापरत असाल तर सीलच्या खाचेतला पांढरा खर खरवडून काढा. तो सीलला पिस्टनवर दाबतो, पिस्टन मागे जात नाही आणि ब्रेक घासत राहतो. कॅलिपर डावीकडचा उजवीकडे लावलात तर हवा काढायचं निपल खाली येतं. तेव्हा कॅलिपर सोडून निपल वर करून धरा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी ठेवा आणि हवा काढा. बॅन्जो बोल्टचे (ब्रेकची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) आटे तपासा. जपानी मास्टरला बहुधा एम10 गुणिले 1.25 (10 मिमी जाडी, आट्यांतलं अंतर 1.25 मिमी), ब्रेम्बोला अनेकदा 1.0. चुकीचा बोल्ट एक-दोन आटे गोड बसतो आणि मग अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतो. प्रत्येक बॅन्जोला दोन नवे तांब्याचे वायसर. ब्रेकचं तेल डॉट 4 घ्या. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळू नका, डॉट 5.1 चालतं.

शेवटचं एक तपासा. लिव्हरला पिस्टन हलायच्या आधी साधारण 1 मिमी रिकामी चाल हवी. ती नसेल तर मास्टरमधलं परतीचं भोक बंद राहतं, गरम होऊन तेल फुगतं, त्याला मास्टरवरच्या तेलाच्या डबीत जायला वाट नसते आणि काही किलोमीटरांत ब्रेक आपोआप धरतो. असं झालं की निपल सैल करून दाब सोडा, मग आधी लिव्हर बघा.