आंबोलीला पावसाळ्यात बेडूक बघायला कधी जावं आणि काय काळजी घ्यावी?

तुम्ही म्हणताय कॅमेरा घेऊन दोन दिवस जायचंय. जूनमध्ये पाऊस नीट लागला की लगेच जा, तारखेपेक्षा पावसावर लक्ष ठेवा. आणि दोन बेडूक तरी बघाच.

पहिला आंबोली टोड. २००९ मध्ये नवीन प्रजाती म्हणून नोंद झाली, आंबोलीच्या परिसराबाहेर कुठे मिळत नाही आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. छोटासाच, कुशीवर पट्टे. हा झाडीत शोधू नका, हा सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या सपाट कातळावर असतो. कातळातल्या खळग्यात बोटभर पाणी साचतं त्यात अंडी घालतो, ते पाणी आटायच्या आत पिल्लं मोठी व्हायला पाहिजेत म्हणून सगळं झटपट उरकावं लागतं. लोकांना सडा म्हणजे पडीक जमीन वाटते, गाड्या चढवतात, फोटो काढत डबक्यातनं चालतात, मला खरंच फार राग येतो, कारण एका बुटाखाली अख्खी वीण जाऊ शकते. रात्री घाटात गाडी पण हळू चालवा, ओल्या रस्त्यावर चिरडलेले बेडूक बघवत नाहीत.

दुसरा मलबार ग्लायडिंग फ्रॉग. हिरवागार, बोटांमधला पडदा लालसर केशरी. मादी पाण्यावर आलेल्या फांदीवर द्रव सोडते आणि मागच्या पायांनी घुसळून घुसळून त्याचा पांढरा फेस करते, अंडी त्यातच, आजूबाजूची पानं ओढून वर चिकटवते. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो आणि ती टपाटप खाली पाण्यात पडतात. म्हणून चांगल्या अँगलसाठी फांदी ओढू नका, ती पाण्यावरनं सरकली तर पिल्लं जमिनीवर पडून मरणार.

कुठलाच बेडूक हातात घेऊ नका, त्यांची कातडी पाणी आणि हवा दोन्ही शोषते, आपल्या हातावरचं ओडोमॉस त्यात जातं.

पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकाल. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलवू नका प्लीज, पावसात त्याची वीण चालू असते, हद्दीत दुसरा नर घुसला समजून तो सगळं सोडून भांडायला येतो.

आणि हो, आधी दुसऱ्या जंगलात फिरला असाल तर बूट घासून, धुवून पूर्ण वाळवून आणा. कायट्रिड बुरशीने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्यात आणि ती ओल्या चिखलातनं पसरते. गाईड गावातलाच घ्या, कुठल्या डबक्यात अंडी आहेत ते त्याला माहीत असतं.