फुटबॉलमध्ये गोलकीपरने फाऊल केला तर रेफरी नेमकं काय देतो?
गोलकीपरला वेगळा कायदा नाही, फक्त बॉक्समध्ये (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत) बॉलला हात लावायची मुभा जास्त. बॉक्समध्ये त्याने स्ट्रायकरला पाडलं की पेनल्टी. त्यात होणारा गोल हुकला, पण कीपर बॉलसाठीच झेपावला होता, तर २०१६ पासून लाल नव्हे, पिवळं कार्ड. ओढलं, ढकललं तर मात्र लालच. बॉक्सबाहेर हाताने नक्की गोलची संधी घालवली तर डायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल मारता येतो) आणि लाल.

नाशिकला शाळांच्या मॅचमध्ये मी शिट्टी वाजवतो, तिथे सगळ्यात मोठा वाद बॅकपासवर. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला पास हातात घेतला तर पेनल्टी नाही, इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत ती. पालकहो, कृपया ओरडू नका, पोरं बावरतात. २०२५ पासून ८ सेकंदांहून जास्त बॉल हातात धरला तर समोरच्यांना कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक.